चित्ररामायणाचे कर्ते : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंत प्रतिनिधि

लहान मुलांस चित्रांची गोष्ट जितकी प्रिय असते, तितकें दुसरें कांहींच प्रिय नसतें. अक्षरओळख होण्यापूर्वींच मूल चित्र वाचावयास शिकतें, आणि एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर उडी घेतां घेतां मधली हकीगत आपल्या मनानें भरून काढतें. १९६४ सालीं मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स निघूं लागलीं आणि अरण्यांत राहणारा, मुखवटा घातलेला वीर वेताळ मराठी मुलांच्या घरीं आला. १९६७ सालीं अमर चित्र कथेचा आरंभ झाला आणि आपल्या पुराणांतील व इतिहासांतील वीर चित्रांच्या चौकटींत वावरूं लागले. ज्यांनीं तीं पुस्तकें खाऊच्या पैशांतून विकत घेतलीं, तेच आज पिकल्या केसांचे गृहस्थ होऊन त्यांचे आरंभींचे अंक जुन्या बाजारांत शोधीत हिंडतात. पहिल्या छपाईचा, सगळीं पानें शाबूत असलेला एखादा अंक हातीं लागला, तर त्यांस गतकाळचा ठेवा सांपडल्यासारखें वाटतें.

हा छंद कोणास पोरकट वाटेल, पण आम्हांस तसा वाटत नाहीं. जुनें पुस्तक जपणें म्हणजे तें करणाऱ्याचे श्रम जपणें होय. आणि ह्या बाबतींत आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखास दूर जाण्याचें कारण नाहीं. मिरजेस १८०५ सालीं गंगाधरराव पटवर्धन यांनीं तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरवून भगवद्गीता छापविली, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासांत नमूद आहे. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९१६ सालीं, ह्याच मुलखांतील एका गृहस्थानें रामकथा आरंभापासून शेवटपर्यंत रंगीत चित्रांतून सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें नांव चित्ररामायण. तो मुंबईस माझगांव येथील ब्रिटिश इंडिया प्रेसमध्यें छापला गेला. वनवास, सागर ओलांडणें, घोर युद्ध, हरण झालेल्या पत्नीची सुटका : साहसाच्या कथेस जें जें लागतें तें सर्व त्या कथेंत आहेच. ती चित्रांतून सांगणारा मनुष्य धंद्यानें चित्रकार नव्हता, प्रकाशक नव्हता. तो ७२ गांवांच्या एका लहानशा संस्थानाचा अधिपति होता. त्याचें चरित्र आम्ही ह्या लेखांत थोडक्यांत सांगणार आहों.

पंत प्रतिनिधींचें घराणें साताऱ्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. राजाराम महाराज व ताराबाई यांच्या बिकट काळांत परशुराम त्रिंबक यांनीं मोंगलांशीं झुंजून कीर्ति मिळविली, आणि पुढें प्रतिनिधिपद ह्या घराण्यांत वंशपरंपरेनें चाललें. १८४९ सालीं साताऱ्याचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें, तरी औंधची जहागीर टिकून राहिली. पण ती एका जागीं नव्हती. औंध व त्याच्या भोंवतालचीं गांवें आजच्या सातारा जिल्ह्यांत खटाव तालुक्यांत. आटपाडी व कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यांत. आणि गुणदाळ तर थेट विजापुराकडे. अंगरख्याचे तुकडे चार खुंट्यांवर टांगावेत तसा हा मुलूख होता, आणि त्यांतील बराचसा भाग माणदेशाचा, म्हणजे पावसानें पाठ फिरविलेला. संस्थानिक म्हटल्यावर जी श्रीमंती डोळ्यांपुढें येते, ती येथें कधींच नव्हती.

अशा घरांत भवानराव ऊर्फ बाळासाहेब यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं झाला. वडील श्रीनिवासराव ऊर्फ अण्णासाहेब हे औंधचे अधिपति होते. बाळासाहेब धाकटे, म्हणून गादी आपल्याकडे येईल असें समजून त्यांस वाढविण्यांत आलें नव्हतें. त्यांचें शिक्षण साताऱ्यास व नंतर पुण्यास डेक्कन कॉलेजांत झालें, आणि मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी त्यांनीं मिळविली. ही पदवी त्यांस इतकी प्रिय होती कीं, पुढें राजेपणाच्या सर्व बिरुदांबरोबर ती त्यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर छापली जात असे. विद्याभ्यास संपल्यावर त्यांनीं वडिलांच्या हाताखालीं कांहीं वर्षें कारभाराचें काम केलें. १९०१ सालीं वडील निवर्तले. त्यांच्यामागून थोरले बंधु व नंतर पुतणे गादीवर बसले. पुतण्यास इंग्रज सरकारनें पदच्युत केल्यावर १९०९ सालीं बाळासाहेबांकडे संस्थान आलें. त्या वेळीं त्यांचें वय ४१ वर्षांचें होतें.

चाळिशी उलटल्यावर राज्य मिळालेला मनुष्य बहुधा राहिलेले भोग भोगावयास बसतो. बाळासाहेबांनीं निराळा मार्ग धरला. त्यांस तीन गोष्टींचें वेड होतें : चित्रकला, कीर्तन आणि व्यायाम. तिन्हींस फारसा पैसा लागत नाहीं, पण तिन्हींस रोजचा नेम लागतो. ते स्वतः कीर्तनास उभे राहत, स्वतः कुंचला धरीत आणि स्वतः नमस्कार घालीत. राजानें देवापुढें नाचावें, हातापायांस रंग लावून बसावें, हें कित्येकांस विचित्र वाटत असेल. त्यांनीं त्याची फिकीर केली नाहीं.

चित्ररामायणाचा उगम ह्या वेडांतच आहे. कीर्तनकारास कथा शब्दांनीं डोळ्यांपुढें उभी करावी लागते. चित्रकारास तीच रंगांनीं उभी करावी लागते. बाळासाहेब दोन्ही होते. त्या काळीं रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेलीं देवादिकांचीं चित्रें घरोघर भिंतीवर लागलीं होतीं. पण त्यांतील प्रत्येक चित्र सुटें असे. एका प्रसंगाहून दुसऱ्या प्रसंगाकडे वाचकाचा हात धरून नेणें, म्हणजे चित्रांचीच पोथी करणें, ही कल्पना वेगळी होती. शिवाय छपाई सोपी नव्हती. रंगीत चित्र छापावयाचें म्हणजे मूळ चित्राचे रंग निरनिराळे करून प्रत्येकासाठीं वेगळा ठसा तयार करावा लागे. पिवळा, तांबडा आणि निळा, असा एकेक रंग त्याच कागदावर पुनःपुन्हा छापावा लागे, आणि एखादा ठसा केसभर सरकला, तर रामाच्या डोळ्याचा रंग गालावर उतरे. हें काम एका चित्रापुरतें जमविणें कठीण. सबंध ग्रंथभर जमविणें किती कठीण असेल, ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. आणि तेंहि १९१६ सालीं, म्हणजे युरोपांत महायुद्ध पेटलेलें असतां.

हीं चित्रें निर्दोष आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. रविवर्मा किंवा धुरंधर यांच्या हाताची सफाई बाळासाहेबांच्या हातास नव्हती. परंतु त्यांच्यापाशीं एक गुण होता, तो मोठमोठ्या कलावंतांसहि दुर्लभ असतो. तो म्हणजे शोधक वृत्ति. रामाच्या किंवा पांडवांच्या काळीं लोक नेसत काय, बसत कशावर, त्यांचे रथ कसे, शस्त्रें कशीं, हे प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देत नसत. ह्यांचें उत्तर दरबारी पोषाखांत सांपडणार नाहीं, तें जुन्या लेण्यांत व शिल्पांत शोधिलें पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. अजिंठा व वेरूळ हीं त्यांचीं तीर्थक्षेत्रें झालीं. चित्रकार बरोबर नेऊन त्यांनीं अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करविल्या. वेरूळविषयीं १९२९ सालीं व अजिंठ्याविषयीं १९३२ सालीं त्यांनीं पुस्तकेंहि प्रसिद्ध केलीं.

चित्ररामायणानंतर त्यांच्या मनांत महाभारत आलें. १९१८ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेपुढें त्यांनीं आपला विचार मांडला : महाभारताची एक उत्तम सचित्र आवृत्ति निघावी. त्यासाठीं वर्षावर्षाच्या हप्त्यांनीं मिळून एक लाख रुपये देण्याचें त्यांनीं कबूल केलें. संस्थेच्या पंडितांनीं तें काम अंगावर घेतलें. पण चित्रें घालण्यापूर्वीं मूळ ग्रंथ कोणता तें ठरलें पाहिजे, असें त्यांस दिसून आलें. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्यांत श्लोक एकसारखे नव्हते. मग पोथ्या गोळा करणें, ओळ ओळ ताडून पाहणें आणि भर घातलेला मजकूर वेगळा काढणें, असें तें प्रचंड कार्य सुरू झालें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं तें शास्त्रशुद्ध पायावर उभें केलें, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. ज्यास चित्रांचें पुस्तक हवें होतें, त्याच्या हौसेंतून जगांतील विद्वानांनीं मान डोलवावी असा पाठचिकित्सेचा ग्रंथ निर्माण झाला. चित्रें त्यांत मागें पडलीं. दुसरा दाता असता तर रुसून बसला असता. माझें चित्र कोठें आहे, असें विचारीत राहिला असता. बाळासाहेबांनीं मदत चालू ठेवली आणि आपलीं चित्रेंहि दिलीं. प्राचीन नमुन्यांवरून हीं चित्रें श्रीमंत बाळासाहेब पंत प्रतिनिधि यांनीं काढलीं आहेत, असा उल्लेख त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आहे. ती पुरी झालेली पाहण्यास मात्र ते राहिले नाहींत.

केवळ आपलीं चित्रें काढून ते थांबले नाहींत; दुसऱ्यांचीं उत्तम चित्रें आपल्या प्रजेनें पाहावींत, अशीहि त्यांस तळमळ होती. मुंबई-कलकत्त्यास जाऊन चित्रें पाहणें खेड्यांतील शेतकऱ्यास कसें जमावें? म्हणून औंधास यमाई देवीच्या डोंगराच्या चढणीवर त्यांनीं श्रीभवानी संग्रहालय उभारलें. तें १९३८ सालीं स्थापन झालें. रविवर्म्याची सैरंध्री, धुरंधरांचीं चित्रें, युरोपांतील जुन्या आचार्यांच्या कृतींच्या नकला, हस्तिदंतावरील कोरीव काम, इतकेंच नव्हे तर हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराची मायलेकरांची मूर्तिहि तेथें आहे. यात्रेस आलेला माणदेशी धनगर देवीचें दर्शन घेऊन परतांना ही मूर्ति पाहून जातो, हें दृश्य दुसऱ्या कोणत्या खेड्यांत दिसणार?

गुणी माणूस ओळखून त्यास जागा करून देणें, ही बाळासाहेबांची आणखी एक हातोटी होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या कारखान्यास बेळगांवांत थारा मिळेना, तेव्हां १९१० सालीं बाळासाहेबांनीं कुंडलजवळचा निवडुंगानें व सापांनीं भरलेला माळ त्यांस दिला आणि भांडवलासहि हातभार लावला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढें तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं मासिक काढलें आणि स्वतःच्या व्यंगचित्रांनीं मराठी वाचकांस हंसविलें व विचारहि करावयास लाविलें. इंग्रज सरकारच्या रोषास पात्र झालेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांस औंधास आश्रय मिळाला. ते स्वतः चित्रकार व वेदांचे अभ्यासक होते, आणि त्यांचा स्वाध्याय मंडळ १९१८ पासून तीस वर्षें औंधासच नांदला.

औंधच्या शाळेंतून जीं मुलें शिकून बाहेर पडलीं, त्यांचीं नांवें वाचलीं म्हणजे त्या गांवाविषयीं कौतुक वाटतें. साने गुरुजी कांहीं काळ तेथें विद्यार्थी होते. आटपाडी भागांतील शेटफळे येथें जन्मलेले गजानन दिगंबर माडगूळकर तेथें शिकले, आणि त्यांनीं पुढें आपल्या ह्या राजाचें शब्दचित्र मोठ्या प्रेमानें रेखाटलें. आटपाडीच्या महारवाड्यांत जन्मलेले शंकरराव खरात यांनींहि औंधासच शिक्षण घेतलें. ते पुढें मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरु झाले व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षहि झाले. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडी ह्या कादंबरींत धनगरांच्या वाडीवर नव्या तालमीसाठीं राजा येतो, तो राजा औंधचाच. एका दुष्काळी मुलखाच्या पोटीं इतकें धन निपजावें, ह्याचें श्रेय एकट्या राजास देतां येणार नाहीं. पण शाळा नसती तर हीं मुलें मेंढरांमागें राहिलीं असतीं, हेंहि विसरतां येणार नाहीं.

आणि एक योगायोग पाहा. ज्या संस्थानाच्या राजानें १९१६ सालीं रामकथा चित्रांत सांगितली, त्याच संस्थानांतील एका गरीब मुलानें १९५५-५६ सालीं तीच कथा गीतांत सांगितली. पुणें आकाशवाणीवरून ५६ गीतांचें गीतरामायण ऐकण्यासाठीं महाराष्ट्र कान टवकारून बसत असे. ह्या दोन रामायणांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या मातीवर चित्र, कीर्तन व कथा यांचें शिंपण झालेलें असतें, तेथें पीक येतें एवढें खरें.

व्यायामाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण बाळासाहेबांचें नांव परदेशांत पोंचलें तें त्यामुळें. तरुणपणीं त्यांनीं सँडो ह्या प्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीनें शरीर कमाविण्याचा प्रयत्न केला. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मरेपर्यंत त्यांनीं तो नेम सोडला नाहीं. संस्थानांतील शाळांत त्यांनीं नमस्कार सुरू केले. त्यांच्या ह्या पद्धतीवरील पुस्तक १९३८ सालीं लुईझ मॉर्गन ह्या पत्रकार बाईंच्या साहाय्यानें लंडनांत प्रसिद्ध झालें. मराठी साहित्यिकांनींहि त्यांचा मान केला. १९३५ सालीं इंदूर येथें भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आतां त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा प्रसंग सांगावयाचा आहे. नोव्हेंबर १९३८ मध्यें, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, बाळासाहेबांनीं आपली सर्व सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचें जाहीर केलें. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडांतून आलेले यंत्रज्ञ ह्या कामीं त्यांस व त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांस साहाय्य करीत होते. राज्यघटनेसाठीं महात्मा गांधींचा सल्ला घेण्यांत आला. ग्रामपंचायत हा पाया, तिच्यावर तालुका आणि त्यावर विधिमंडळ, अशी ती रचना होती. २१ जानेवारी १९३९ रोजीं ही घटना अमलांत आली, आणि विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले आप्पासाहेब मुख्य मंत्री झाले. सर्व हिंदुस्थानांत संस्थानिक आपले अधिकार मुठींत घट्ट धरून बसले होते, तेव्हां ह्या म्हाताऱ्या राजानें मूठ उघडली.

ह्या प्रयोगाचेंच एक अंग म्हणून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत झाली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे कैदी तेथें भिंतीवांचून, बेड्यांवांचून, शेती करून राहूं लागले. तिच्यावरूनच पुढें १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं दो आंखें बारह हाथ हा चित्रपट काढला; त्याची कथा आटपाडीचेच माडगूळकर यांनीं लिहिली. कुंडलचा भाग तर १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचें मोठें ठाणें झाला. लोकांनीं आपला कारभार आपण करावा, ही गोष्ट तेथील माणसांस अपरिचित राहिली नव्हती.

८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें, आणि जुन्या संस्थानाचे तुकडे निरनिराळ्या जिल्ह्यांत वांटले गेले. १३ एप्रिल १९५१ रोजीं बाळासाहेबांनीं देह ठेवला. राज्य गेल्याचें दुःख त्यांस फारसें झालें नसावें, असें आम्हांस वाटतें. जें आपल्या हातानें आधींच देऊन टाकलें, तें दुसरा काय नेणार?

त्यांचें चित्ररामायण मात्र आज दुर्मिळ झालें आहे. असल्या ग्रंथांचें एक दुर्दैव असतें. चित्रें सुंदर म्हणून लोक तीं कापून चौकटींत बसवितात, आणि पुस्तक पांगळें होतें. उरलेलें पुस्तक वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या वांट्यास जातें. म्हणून १९१६ सालची प्रत हातीं आली तर जाणता संग्राहक प्रथम मुखपृष्ठावरील साल पाहतो, नंतर चित्रें एकेक मोजतो, आणि बांधणी मूळची आहे कीं काय तें तपासतो. सर्व चित्रें जागच्या जागीं असलेली प्रत त्यास लाखमोलाची वाटते.

आमची पालकांस विनंति आहे कीं, सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत व माळ्यांवर अजून कित्येक पेट्या उघडावयाच्या राहिल्या असतील. त्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या. जुनें पुस्तक निघालें तर तें उन्हांत टाकूं नये, पानास ओला हात लावूं नये, फाटलेल्या ठिकाणीं चिकटपट्टी लावूं नये आणि चित्र तर मुळींच कापूं नये. स्वच्छ कोऱ्या कापडांत गुंडाळून, कोरड्या जागीं ठेवावें. सांभाळणें जमत नसेल तर गांवच्या ग्रंथालयास द्यावें.

विद्यार्थिमित्रांस सांगावयाचें तें थोडें निराळें. त्यांनीं एकदां औंधास जावें. तेथील टेकडी चढावी, संग्रहालयांतील चित्रें पाहावींत, आणि हा सर्व खटाटोप करणाऱ्या राजाचें उत्पन्न किती बेताचें होतें, तें आठवावें. आपणांस पुष्कळ मिळाल्यावर आपण पुष्कळ करूं, असें मनुष्य नेहमीं म्हणत असतो. बाळासाहेबांस ७२ गांवें मिळालीं, तींहि विखुरलेलीं व तहानेलीं. त्यांतूनच त्यांनीं ग्रंथ काढला, शाळा चालविली, माळावर कारखाना बसविला आणि शेवटीं तीं गांवें ज्यांचीं त्यांस परत केलीं.